दूध आटवणारी बुरशी

बाजरीच्या पेरणीआधी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकण्याची पद्धत ग्रामीण भागातील शिक्षकांना ठाऊक असेल. दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे ओतून ढवळायचे. जे वर तरंगते ते काढून जाळून टाकायचे. जे तळाशी बसते ते साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन, सावलीत वाळवून पेरायचे. वर आलेल्या पोचट दाण्यांमध्ये काही गडद रंगाचे, कठीण गोळे दिसतात. हे दाणे नव्हेत. कणसातील दाण्याची जागा बळकावून बसलेली ही बुरशी आहे. शेतकी खात्याच्या पत्रकांत या रोगाला 'अरगट' म्हणतात.

अरगट पोटात गेले तर विषबाधा होते, म्हणून ते काढून टाकायचे, एवढे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ते खरेच आहे. पण याच बुरशीच्या कुळातून औषधांचा एक मोठा परिवार जन्माला आला आहे. त्यातील एक गोळी आठवड्यातून फक्त दोनदा घ्यावी लागते, तीही पाव ते एक मिलिग्रॅम इतकीच. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून अकारण वाहणारे एक संप्रेरक ती थोपवते. गोळीचे नाव कॅबरगोलीन, संप्रेरकाचे नाव प्रोलॅक्टिन. शेतातील विषापासून या गोळीपर्यंतची वाट सरळ नव्हती. ती सुमारे तीनशे वर्षे चालली, आणि त्या वाटेवर आपल्याला आपल्या शरीराविषयी एक अगदी अनपेक्षित गोष्ट कळली.

पत्रातील एक वाक्य

युरोपात गरिबांची भाकरी राय नावाच्या धान्याची असे. ओलसर, थंड वर्षी रायच्या कणसांवर अरगट माजे आणि पिठात दळले जाई. मग गावेच्या गावे आजारी पडत. काहींना झटके येत, भ्रम होई. काहींच्या हातापायांत आग होऊन बोटे काळी पडत आणि गळून जात. लोक या रोगाला 'संत अँथनीचा अग्नी' म्हणत, कारण संताच्या मठात गेल्यावर बरे वाटते असा अनुभव होता. मठात कदाचित निराळ्या, स्वच्छ धान्याची भाकरी मिळत असेल. पण तसा विचार तेव्हा कोणाच्या मनात येणार?

१६७६ साली डेनी डोडार या फ्रेंच वैद्याने या रोगाचा संबंध अरगट लागलेल्या रायशी जोडला आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वतीने तो प्रसिद्ध केला. हे धान्य खाल्ल्याने काय काय होते, याची यादी त्याने दिली. ताप, गुंगी, बरळणे आणि अवयव कुजणे या भयंकर लक्षणांबरोबर त्यात आणखी एक गोष्ट आहे: स्त्रियांचे दूध आटते.

या नोंदीकडे पुढची पावणेतीनशे वर्षे कोणी फारसे वळून पाहिले नाही. अरगटचे बाकीचे दोन गुण मात्र वैद्यांनी उचलले. ते रक्तवाहिन्या आवळते आणि गर्भाशय आकुंचित करते. दुसरा गुण सुइणींना फार आधीपासून माहीत होता. १५८२ साली लोनित्सर या जर्मन वैद्याने आपल्या वनौषधींच्या ग्रंथात तो नोंदवला. १८०८ मध्ये जॉन स्टर्न्स या अमेरिकन डॉक्टरने प्रसूती लवकर उरकण्यासाठी अरगटची पूड देण्याची शिफारस केली आणि तिचा वापर झपाट्याने पसरला. पण मात्रा किती, याचा अंदाज कोणालाच नव्हता. पुडीत औषधी द्रव्य किती आहे ते पीक आणि वर्ष पाहून बदलणार. गर्भाशय फाटले, बाळे मृत जन्मू लागली. तेव्हा न्यूयॉर्कच्या डेव्हिड होसॅक यांनी १८२० च्या दशकात इशारा दिला, की बाळंतपण होण्याआधी हे देऊ नका, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यापुरतेच ते ठेवा.

म्हणजे अरगटचा एकेक गुण वेगळा काढून, नेमक्या मात्रेत वापरणे ही गरज तेव्हाच स्पष्ट झाली होती. हे काम रसायनशास्त्रज्ञांचे होते, आणि त्याला आणखी शंभर वर्षे लागली.

चार कड्यांचा सांगाडा

१९१८ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर स्टोल यांनी अरगटमधून 'अर्गोटामिन' शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याआधी १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये 'अर्गोटॉक्सिन' नावाचे द्रव्य मिळाले होते. ते एकच द्रव्य आहे असा समज होता. १९४३ साली स्टोल आणि आल्बर्ट होफमन यांनी ते तीन द्रव्यांचे मिश्रण असल्याचे दाखवले. त्या तिघांपैकी अर्गोक्रिप्टिन हे नाव लक्षात ठेवू, ते पुढे परत येणार आहे.

१९३४ साली अमेरिकेत जेकब्ज आणि क्रेग यांना दिसले, की राय-अरगटमधील या द्रव्यांच्या गाभ्याशी एकच आम्ल आहे. त्यांनी त्याला लायसर्जिक आम्ल असे नाव दिले. त्याच्या रेणूत एकमेकांना चिकटलेली चार कडी असतात. या चार कड्यांच्या सांगाड्याला 'अर्गोलीन' म्हणतात. बाजरीवरील अरगटमधील द्रव्यांतही हाच सांगाडा असतो.

या सांगाड्यात एक गंमत दडलेली आहे. आपल्या शरीरातील चेतापेशी एकमेकींशी बोलण्यासाठी काही छोटे रेणू वापरतात: डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, सेरोटोनिन. पेशीच्या पृष्ठभागावर या प्रत्येकासाठी वेगळे ग्राही असतात. रेणू ही किल्ली मानली तर ग्राही म्हणजे कुलूप. अर्गोलीनचा सांगाडा कागदावर काढून त्यावर बोट फिरवले, तर त्याच्या एका भागात डोपामाइनची आणि दुसऱ्या भागात सेरोटोनिनची आकृती सापडते. म्हणजे बुरशीने घडवलेली ही किल्ली एकाच वेळी अनेक कुलुपांत जाते. रक्तवाहिनी आवळणे, गर्भाशय आकुंचित होणे, भ्रम होणे, दूध आटणे ही परस्परांशी संबंध नसलेली वाटणारी लक्षणे एकाच धान्यातून का येतात, याचे उत्तर इथे आहे. या सगळ्या कथेची गुरुकिल्ली, आणि तिच्यातील धोकाही, हाच.

पण हे आपण आज म्हणतो. १९४३ मध्ये डोपामाइनला मेंदूत काही काम असते, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

कबुतराचे दूध

आता थोडे दुसऱ्या वाटेने जाऊ. १९२८ साली फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे श्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी सशाच्या माद्यांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला, तर त्यांना दूध आले. अमेरिकेत ऑस्कर रिडल कबुतरांवर काम करत होते. कबुतरांचे नर आणि मादी दोघेही पिलांना एक दह्यासारखा पांढरा पदार्थ भरवतात. तो त्यांच्या गळ्यातील अन्नपिशवीच्या अस्तरापासून तयार होतो. पीयूषिकेतील ज्या द्रव्याने ही पिशवी फुगते आणि 'दूध' तयार होते, त्याला रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२-३३ च्या सुमारास 'प्रोलॅक्टिन' हे नाव दिले.

सशात आहे, कबुतरात आहे, गाईत आहे. मग माणसात असणारच असे आपल्याला वाटेल. पण माणसाच्या बाबतीत ते सिद्ध होत नव्हते. कारण माणसाचे वाढीचे संप्रेरक स्वतःच दूध आणण्याचे काम थोडेफार करू शकते, आणि मानवी पीयूषिकेत ते प्रोलॅक्टिनपेक्षा कितीतरी जास्त असते. त्या गर्दीत प्रोलॅक्टिन दिसेना. माणसात वेगळे प्रोलॅक्टिन नाहीच, वाढीचे संप्रेरकच दोन्ही कामे करते, असे म्हणणारे नामवंत शास्त्रज्ञ १९७० पर्यंत होते.

१९५४: तीन धागे

१९५४ या एकाच वर्षी तीन निरनिराळ्या ठिकाणी, तीन निरनिराळ्या प्रश्नांमागे लागलेल्या लोकांनी तीन गोष्टी प्रसिद्ध केल्या.

पहिली गोष्ट रुग्णांची. अमेरिकेत बॉस्टन येथे अ‍ॅन फोर्ब्ज, फुलर ऑल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्त्रियांच्या आजाराचे वर्णन केले. या स्त्रिया गरोदर नव्हत्या, नुकत्याच बाळंतही झालेल्या नव्हत्या. तरी त्यांच्या स्तनांतून दूध येई आणि मासिक पाळी बंद झालेली असे. त्यांच्यापैकी काहींच्या पीयूषिकेत गाठ होती. ही गाठ प्रोलॅक्टिन बनवत असावी, असा या डॉक्टरांचा तर्क होता.

या आजाराचा सामाजिक अर्थ शिक्षकांना समजावून सांगायला नको. पाळी नाही म्हणून मूल नाही, आणि मूल नाही म्हणून घरात आणि घराबाहेर बोलणी. अविवाहित मुलीला दूध आले तर नको त्या शंका. डॉक्टरांकडे गाठीसाठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार होते. जिथे गाठ दिसत नसे, तिथे नेमका उपाय असा काहीच नव्हता.

दुसरी गोष्ट उंदरांची. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत शेलेस्न्याक हे गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यांचा अभ्यास करत होते. उंदराच्या मादीत खोटी गर्भावस्था निर्माण करता येते. त्या काळात गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढला, की तिथे गर्भ रुजल्यासारखी गाठ वाढते. शेलेस्न्याक यांनी अर्गोटॉक्सिन टोचले, तेव्हा ही गाठ वाढेना. अरगट गर्भाशयावर काम करते हे सर्वांना माहीत होते, तेव्हा इथेही तेच झाले असेल असे समजून विषय मिटवता आला असता. पण प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले, की अर्गोटॉक्सिन असूनही गाठ वाढू लागे. म्हणजे गर्भाशय ठीक होते. प्रोजेस्टेरॉन कमी पडत होते. ते अंडाशयातील पीतपिंडातून येते, आणि उंदरात पीतपिंड टिकवून धरते ते प्रोलॅक्टिन. साखळीच्या एकेका कडीला असे तपासत पुढील काही वर्षांत बोट पीयूषिकेकडे वळले: अरगटमधील द्रव्य प्रोलॅक्टिन रोखत असावे.

डोडारच्या यादीतील ते विसरलेले वाक्य असे परत वर आले. योगायोग असा, की १९५९ साली आफ्रिकेत, त्या वेळच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, पशुवैद्यांनी एक घटना नोंदवली. अरगट लागलेली बाजरी खाल्लेल्या डुकरिणींना पिले झाली, पण दूध आले नाही. त्या बुरशीचे राय-अरगटपेक्षा वेगळी जात म्हणून नामकरण लव्हलेस यांनी १९६७ मध्ये केले: क्लॅव्हिसेप्स फ्यूझिफॉर्मिस. आपल्या बाजरीवर येणारी बुरशी ती हीच.

तिसरी गोष्ट सर्वांत विचित्र. अमेरिकेत जॉन एव्हरेट यांनी उंदराची पीयूषिका मेंदूखालून काढून त्याच उंदराच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली लावली. मेंदूशी संबंध तुटल्यावर ग्रंथी निष्क्रिय होईल, अशी अपेक्षा. इतर संप्रेरकांचे तसेच झाले. पण पीतपिंड मात्र महिनोन्‌महिने टिकून राहिले. म्हणजे प्रोलॅक्टिन थांबले तर नव्हतेच, उलट अखंड वाहत होते.

चालना नव्हे, ब्रेक

याचा अर्थ काय? पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो, की अधश्चेतक पीयूषिकेला आज्ञा देतो आणि मग ती संप्रेरक सोडते. बहुतेक संप्रेरकांना हे लागू पडते. प्रोलॅक्टिनचे उलटे आहे. उतारावर उभी असलेली बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. तिला पुढे जायला बैलांनी ओढावे लागत नाही. ती जागेवर राहावी म्हणून चाकाखाली दगड लावावा लागतो. पीयूषिकेच्या काही पेशी प्रोलॅक्टिन सोडायला कायम तयार असतात. मेंदूचे मुख्य काम त्यांना थोपवण्याचे आहे. एव्हरेट यांनी ग्रंथी उचलून दूर नेली तेव्हा चाकाखालचा दगडच निघाला.

हा दगड कोणता, ते शोधायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. त्यात आपल्या सर्पगंधेचाही एक धागा आहे. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून जगासमोर आणले. १९५२ मध्ये सर्पगंधेतून रेझरपीन हे द्रव्य वेगळे झाले. त्याच वर्षापासून मनोविकारांवर क्लोरप्रोमॅझिन वापरले जाऊ लागले. ही दोन्ही औषधे घेणाऱ्या काही स्त्रियांना दूध येऊ लागले! १९५७-५८ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवले, की डोपामाइन हा मेंदूतील एक स्वतंत्र रासायनिक दूत आहे आणि रेझरपीन त्याचा साठा रिकामा करते. क्लोरप्रोमॅझिन डोपामाइनच्या कुलुपात अडकून बसते हे पुढे उमगले. कार्लसन यांना या कामासाठी २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोपामाइन घटले किंवा अडले की दूध येते, तर डोपामाइन हाच ब्रेक असला पाहिजे. १९६९ पासून काचपात्रातील पीयूषिकेवर प्रयोग होऊ लागले, आणि डोपामाइनच्या गटातील द्रव्ये प्रोलॅक्टिनचा स्राव थेट रोखतात हे दिसले. १९७७ साली अधश्चेतकाकडून पीयूषिकेकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतील रक्तात डोपामाइन प्रत्यक्ष मोजले गेले. ते इतर रक्तापेक्षा जास्त होते. आता चित्र पूर्ण झाले. बाळ अंगावर पिऊ लागते, तेव्हा स्तनाग्रातून निघालेले संदेश मेंदूत पोहोचतात, डोपामाइन कमी होते, ब्रेक सैल पडतो आणि प्रोलॅक्टिन चढते. प्रोलॅक्टिन चढलेले असताना बीज परिपक्व करणारी यंत्रणा मंदावते. म्हणूनच अंगावर पाजणाऱ्या अनेक आयांची पाळी काही महिने येत नाही. बॉस्टनच्या त्या स्त्रियांच्या शरीरात हीच स्थिती बाळाविना निर्माण झाली होती.

औषध आधी, संप्रेरक नंतर

दरम्यान बाझलमध्ये एडवर्ड फ्लुकिगर यांनी शेलेस्न्याक यांचा धागा उचलला होता. त्यांचा प्रश्न साधा होता: अरगटच्या द्रव्यांपैकी असे एखादे मिळेल का, जे प्रोलॅक्टिन रोखेल पण गर्भाशय आणि रक्तवाहिन्यांना फारसे छेडणार नाही? अर्गोक्रिप्टिनच्या रेणूवर एका ठरावीक जागी ब्रोमीनचा एक अणू बसवल्यावर तसे द्रव्य मिळाले. प्रयोगशाळेत त्याचे नाव होते सीबी १५४. पुढे ते ब्रोमोक्रिप्टिन झाले. १९६८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

इथे इतिहासाचा क्रम उलटा आहे. औषध तयार होते, पण ज्याला ते रोखणार ते संप्रेरक माणसात आहे की नाही याचाच वाद चालू होता. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्ट्झ आणि क्लाइनबर्ग यांनी एक युक्ती केली. रक्तद्रवात वाढीच्या संप्रेरकाविरुद्धची प्रतिद्रव्ये घालून त्यांनी त्याचे काम बंद पाडले आणि मग ते रक्तद्रव उंदराच्या स्तनाच्या ऊतींवर टाकले. बाळंतिणींच्या रक्तद्रवाने तरीही दूध आणण्याचे काम केले. तेव्हा वाढीच्या संप्रेरकाखेरीज दुसरे काही तरी आहे हे नक्की झाले. पुढील एक-दोन वर्षांत कॅनडात हेन्री फ्रीझन यांच्या गटाने मानवी प्रोलॅक्टिन वेगळे केले आणि ते मोजण्याची संवेदनशील चाचणी तयार केली. आज ज्या साध्या रक्ततपासणीने प्रोलॅक्टिन कळते, तिची सुरुवात ही.

१९७१ साली बाझलहून आलेला एक छोटा अहवाल ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला: बाळंतपणाशी संबंध नसलेले दूध ब्रोमोक्रिप्टिनने थांबले. १९७२ मध्ये लंडनच्या बेसर आणि सहकाऱ्यांनी रक्तातील प्रोलॅक्टिन मोजून दाखवले, की ते उतरते तसे दूध थांबते आणि पाळी परत येते. ज्यांना मूल होणार नाही असे सांगितले गेले होते, त्यांतील अनेकींना नंतर मुले झाली. गोळी चालू असताना पीयूषिकेतील गाठीच्या पेशी आकसतात आणि गाठ लहान होते, हेही पुढे दिसले. या आजारात शस्त्रक्रिया दुसऱ्या क्रमांकावर गेली.

गोळी आठवड्यातून दोनदा कशी?

ब्रोमोक्रिप्टिनच्या दोन अडचणी होत्या. मळमळ आणि भोवळ फार, आणि गोळी रोज घ्यावी लागे, बरेचदा दिवसातून दोन-तीनदा. इटलीतील मिलान येथे फार्मिटालिया कार्लो एर्बा या कंपनीत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच अर्गोलीन सांगाड्यावर निराळी शेपटी जोडून कॅबरगोलीन तयार करण्यात आले. ते डोपामाइनच्या 'डी-२' या ग्राहीला घट्ट धरते आणि शरीरातून फार हळू बाहेर पडते.

हा हळूपणा वर्गात गणिताने दाखवता येईल. औषधाचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा वेळ म्हणजे अर्धायुकाल. किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी आपण हीच कल्पना शिकवतो. कॅबरगोलीनचा अर्धायुकाल सुमारे ६५ तास आहे. तीन दिवसांनी, म्हणजे पुढच्या गोळीच्या सुमारास, त्यातील जवळजवळ निम्मे शिल्लक असते. आठवड्याने, म्हणजे १६८ तासांनी, सुमारे एक षष्ठांश. एखाद्या औषधाचा अर्धायुकाल ६ तास धरला, तर २४ तासांनी त्याचा सोळावा भागच उरेल. विद्यार्थ्यांना आलेखाच्या कागदावर दोन्ही वक्र काढू द्यावेत. गोळी रोज का आणि आठवड्यातून दोनदाच का, हे त्यांना न सांगता कळेल.

१९९४ साली ४५९ स्त्रियांवरील तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. प्रोलॅक्टिन सामान्य पातळीवर आले ते कॅबरगोलीन घेणाऱ्या ८३ टक्के आणि ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्या ५९ टक्के स्त्रियांत. त्रास सहन न झाल्याने औषध सोडणाऱ्या पहिल्या गटात ३ टक्के होत्या, दुसऱ्या गटात १२ टक्के. १९९६ मध्ये अमेरिकेत कॅबरगोलीनला मान्यता मिळाली.

दुसऱ्या कुलुपाची गोष्ट

इथे कथा संपवली तर ती सुखान्त होईल, पण पुरती खरी होणार नाही. सुरुवातीला आपण म्हटले, की ही किल्ली अनेक कुलुपांत जाते.

पहिला धडा बाळंतिणींनी शिकवला. ज्यांना अंगावर पाजायचे नव्हते अशा निरोगी बाळंतिणींचे दूध थांबवण्यासाठी ब्रोमोक्रिप्टिन सर्रास दिले जाऊ लागले. मग रक्तदाब चढणे, झटके, पक्षाघात अशा घटनांची नोंद होऊ लागली. त्या थोड्या होत्या. पण दूध न काढले तर काही दिवसांत आपोआप आटते, त्यासाठी एवढाही धोका पत्करावा का? अमेरिकेत १९९४ मध्ये हा वापर मागे घेण्यात आला. रक्तवाहिन्यांवरील परिणाम हा अरगटचा सर्वांत जुना गुण; तो पुरता गेलेला नव्हता.

दुसरा धडा अधिक गंभीर होता. कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामाइन कमी पडते, म्हणून १९७४ पासून या कुळातील औषधे त्यांनाही दिली जाऊ लागली; पण मात्रा कितीतरी मोठी. प्रोलॅक्टिनसाठी आठवड्याला साधारण अर्धा ते दोन मिलिग्रॅम कॅबरगोलीन पुरते, तर कंपवातात रोज काही मिलिग्रॅम. २००७ च्या जानेवारीत दोन अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. मिलानच्या अभ्यासात कॅबरगोलीन घेणाऱ्या कंपवाताच्या रोग्यांपैकी २८.६ टक्के आणि पर्गोलाइड हे दुसरे अर्गोलीन घेणाऱ्यांपैकी २३.४ टक्के लोकांच्या हृदयाच्या झडपांतून लक्षणीय गळती आढळली. औषध न घेणाऱ्या तुलनेच्या गटात हे प्रमाण ५.६ टक्के होते. अर्गोलीन नसलेली, पण डोपामाइनसारखेच काम करणारी औषधे घेणाऱ्यांत ते शून्य होते.

या शेवटच्या आकड्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे. दोष डोपामाइनच्या कुलुपाचा असता, तर तिसऱ्या गटातही गळती दिसली असती. ती नाही, म्हणजे दोष दुसऱ्या कुलुपाचा. हृदयाच्या झडपांवर सेरोटोनिनचे '२बी' नावाचे ग्राही असतात. ते सतत चाळवले गेले, की तिथल्या पेशी वाढून झडपा जाड आणि ताठ होतात. कॅबरगोलीन आणि पर्गोलाइड या कुलुपातही चपखल बसतात. पर्गोलाइड त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. कॅबरगोलीन राहिले, कारण प्रोलॅक्टिनसाठीची मात्रा फार लहान असते आणि त्या मात्रेवर झालेल्या बहुतेक अभ्यासांत असा मोठा धोका दिसला नाही. तरीही दीर्घकाळ घेणाऱ्यांची हृदयाची तपासणी करण्याची दक्षता घेतली जाते. डोपामाइन मेंदूतील हव्यासाशीही निगडित असल्याने काही रुग्णांत जुगार, खरेदी यांचा अनावर नाद लागल्याचे आढळले आहे. तेव्हा डॉक्टरांनी त्याविषयी विचारपूस करावी लागते. हे औषध सल्ल्याशिवाय घेण्याचे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

पुन्हा बाजरीकडे

तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अरगट लागलेल्या बाजरीने विषबाधेची साथ आली होती. तिचा अहवाल १९५८ साली प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये राजस्थानातही तसेच घडले. लोकांना मळमळ, वारंवार उलट्या, भोवळ आणि गुंगी असा त्रास झाला. युरोपातल्यासारखे अवयव मात्र काळे पडले नाहीत, कारण बाजरीवरील बुरशीची द्रव्ये राय-अरगटपेक्षा वेगळी आहेत. आता ही लक्षणे ब्रोमोक्रिप्टिनच्या त्रासाशेजारी ठेवून पाहा: मळमळ, उलटी, भोवळ. मेंदूत उलटीचा इशारा देणाऱ्या केंद्रातही डोपामाइनचे ग्राही असतात. बाजरीच्या शेतातील माणसाला झालेला त्रास आणि दवाखान्यातील गोळीचा त्रास यांमागे एकाच आकाराची किल्ली असावी, असे मानायला चांगला आधार आहे.

विष आणि औषध यांत मात्रेचा फरक असतो असे आपण नेहमी म्हणतो. या इतिहासाने त्यात भर घातली: मात्रेइतकाच महत्त्वाचा प्रश्न कोणत्या कुलुपाचा, हा आहे. स्टोलपासून मिलानच्या रसायनशास्त्रज्ञांपर्यंत सर्वांनी या बुरशीची किल्ली घासून घासून एका कुलुपापुरती करण्याचा प्रयत्न केला. ते काम बऱ्याच अंशी साधले, पुरते साधले नाही.

पुढच्या वेळी बाजरीचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकण्याचा प्रयोग वर्गात कराल, तेव्हा घनतेचा धडा तर होईलच. तरंगणारे काळे गोळे चिमट्याने वेगळे काढून विद्यार्थ्यांना भिंगातून दाखवा, हात धुवायला सांगा, आणि मग विचारा: हे खाल्ले तर दूध आटते असे तीनशे वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवले असेल, तर त्यावरून तुम्ही पुढचा प्रश्न कोणता विचाराल?

त्यांना विचार करायला वेळ द्या. शास्त्रज्ञांनाही तो बराच लागला.